दोन वाजताची कूस : सेवा संपल्यानंतरचं एक वर्ष

समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा पहिल्या भेटीत त्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकल्या होत्या. पर्स मांडीवर, पर्सची चेन उघडी, आत फोन, आणि दर दोन-तीन मिनिटांनी नजर त्या फोनवर. कुणाचा फोन यायचाय का, असं विचारल्यावर ओशाळल्या. "नाही हो मॅडम, आता कुणाचा येणार? सवय लागलीय."

सवय सहा वर्षांची होती. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्या करत होत्या. सासूबाईंना जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या दोन महिने आधी एकुलती मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली. वय ५१. पाळी येऊन आठ महिने झालेले. तक्रार विचारली तर म्हणाल्या, "झोप लागत नाही आणि कशात मन लागत नाही. सगळे म्हणतात, आता सुटलीस, आता स्वतःसाठी जग. ते ऐकलं की मला रडू येतं. माझंच काहीतरी बिघडलंय."

हे प्रकरण लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. इथे त्यांना नुसतं ताई म्हणते, समोरही तेच म्हणत होते. लिहावंसं वाटलं ते त्या "आता सुटलीस"मुळे. बाकीच्यांना जी सुटका दिसत होती, ती ताईंच्या अंगावर कामावरून काढून टाकल्यासारखी आली होती. सहा वर्षांची चोवीस तासांची नोकरी एका पहाटे संपली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक छंद सुचवायला लागले.

माझ्या कागदावरची पहिल्या दिवशीची नोंद अशी आहे : "मेनोपॉज. रिकामं घर. शोक?" तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, पण त्या तिन्हींना जोडणारा धागा मला तेव्हा दिसला नव्हता.

वह्या

सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा ताई ४५ वर्षांच्या होत्या. सासूबाईंची डावी बाजू गेली, पुढे हळूहळू स्मृतिभ्रंशही आला. दिवसा दोन तास मदतीला बाई यायची, बाकी सगळं ताईंकडे. अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एकाच जागी भार पडत राहिला तर तिथला रक्तपुरवठा दबतो आणि माकडहाड, खुबा, टाचा इथे बेडसोअर होतात. त्यामुळे रात्रीही सुट्टी नाही. बारा, दोन आणि चार. पहिल्या वर्षी गजर लावावा लागायचा, पुढे गजराच्या आधीच डोळे उघडायला लागले.

"एकटीनं कसं वळवायचात?" मी विचारलं.

ताई उठल्या. माझ्या टेबलावरची जाडजूड फाईल आडवी ठेवली, तिच्याखाली स्वतःचा रुमाल घातला आणि दाखवायला लागल्या. चादरीची घडी करून ती खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीखाली ठेवायची. ओढायची ती चादर, माणसाला ओढायचं नाही, कारण त्यानं कातडी घासली जाते. मग पाठीशी उशी सारायची आणि पुरतं कुशीवर न करता थोडं कलतं ठेवायचं, नाहीतर खुब्याच्या हाडावर भार येतो. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला. इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसलेली बाई कुठल्या कुठे गेली आणि माझ्यासमोर वॉर्डातली सीनियर सिस्टर उभी होती. सहा वर्षांत सासूबाईंना एकदाही मोठी जखम झाली नाही, असं ओघात म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मी त्यांना थांबवलं आणि ते वाक्य परत म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचे डोळे भरले.

पर्समधून त्यांनी एक वही काढली. अशा अकरा वह्या घरात होत्या, दोनशे पानी. तारीख, वेळ, औषधं, लघवी किती मिली, आणि कूस कुठली : "डा" किंवा "उ". पानामागून पान, डा, उ, डा, उ. ही शेवटची वही. तिच्यातली शेवटची ओळ "४.१०" एवढीच होती. पुढे अक्षर नाही.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३, घरातल्या माणसाच्या तब्येतीतला बदल ४४, मूल घर सोडून जाणं २९. बेरीज करून भविष्य सांगायला मी ती यादी वापरत नाही. पण आपल्यावर किती काय एकदम आलंय हे समोरच्या बाईला कागदावर दिसावं म्हणून कधीकधी पुढे ठेवते. ताईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "सेवा संपली, हे कुठे आहे?" ते त्या यादीत नाही.

आधी शरीर

स्वतःला शोधा, स्वतःवर प्रेम करा, हे सगळं मला मान्य आहे, पण रात्री पाच तासही न झोपलेल्या आणि रक्त कमी असलेल्या बाईला ते सांगणं क्रूरपणा आहे. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही मनाच्या खोलात फारसं शिरलोच नाही.

नैराश्याचा अंदाज घ्यायला मी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहाच्या पुढे गेलं की मध्यम नैराश्य धरतात, पंधराच्या पुढे त्याहून गंभीर. ताईंचे १४ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे त्यांनी एक गुण दिला होता. मी सरळ विचारलं. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारलं की बरेचदा हायसं वाटतं. ताई म्हणाल्या, "मरावंसं वाटत नाही. पण सकाळ झाली नाही तरी चालेल, असं वाटतं." काही ठरवलेलं नव्हतं, साधन जमवलेलं नव्हतं. तरी त्याच दिवशी, त्यांच्या संमतीनं, नवऱ्याला फोन केला आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. यात वाट बघायची नसते.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.२ (बायकांमध्ये १२च्या खाली गेलं की पंडुरोग म्हणतात), आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन ९. पाळी थांबण्याआधीची दोन वर्षं त्यांना अतिशय जास्त रक्तस्राव होत होता. दाखवलं का नाही? "सासूबाईंना कुणाकडे सोडून जाणार?" लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मन लागत नाही असं त्या म्हणत होत्या त्यातलं निदान थोडं तरी या आकड्यांचं होतं.

मग वाफा. छातीतून मानेवर आणि चेहऱ्यावर चढणारी उष्णता, धडधड, घाम, आणि दोन-चार मिनिटांनी थंडी. इस्ट्रोजेन कमी-जास्त व्हायला लागलं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. अंगाचं तापमान किंचित चढलं तरी त्याला आग लागल्यासारखं वाटतं आणि तो घाम सोडतो. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच पाळी गेली असं म्हणतात, त्यामुळे ताई अजून वाटेतच होत्या. किती दिवस चालेल, असं त्यांनी विचारलं. चार-सहा महिन्यांत जाईल, असं सांगून मी खोटा धीर दिला नाही. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्यांमध्ये हा काळ मध्यमानानं सात वर्षांहून जास्त निघाला होता. ताईंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे निम्म्या सासूबाईंच्या काळात झाल्या असणार. मला वाटायचं, खोली गरम आहे."

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे हार्मोनच्या औषधांचा विषय निघाला तेव्हा ताई घाबरल्या. त्यानं कॅन्सर होतो, असं ऐकलेलं. या भीतीचं मूळ बरंचसं २००२ साली थांबवलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत आहे. तिच्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. नंतर त्याच माहितीची वयानुसार फोड केल्यावर चित्र बदललं. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा सहसा धोक्याहून जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. पण ताईंना बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, त्यामुळे तो रस्ता त्यांच्यासाठी फारसा सोयीचा नव्हता. नैराश्यावरच्या औषधांपैकी काही वाफाही कमी करतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी बोलून त्यातलं एक कमी मात्रेत सुरू केलं. पुढे जे बरं वाटलं त्यातलं किती गोळीचं, किती लोहाचं, किती बोलण्याचं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

दोन वाजता

झोपेची नोंद ठेवायला सांगितल्यावर ताई पहिल्यांदा हसल्या. "वही ठेवायची? ते येतं मला." बारावी वही सुरू झाली.

आठवड्याभराच्या नोंदी अशा : रात्री दहाला अंथरुणात, सकाळी साडेसहाला बाहेर, मधल्या साडेआठ तासांत झोप पाच तासांच्या आसपास. बारा, दोन, चार या तिन्ही वेळांना जाग. कधी घामानं, कधी नुसतीच. दोनची जाग सगळ्यात वाईट. पाय आपोआप सासूबाईंच्या खोलीकडे जायचे. पलंग भाड्यानं आणलेला होता, तो परत गेला होता. जमिनीवर त्याच्या चाकांचे चार खळगे राहिले होते. ताई दारात उभ्या राहून ते बघायच्या आणि परत यायच्या.

म्हणजे घामानं जाग येत होती हे खरं, पण ती नेमकी दोनलाच का येत होती? सहा वर्षांची ड्युटी अंगात मुरली होती. ही गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात कळली आणि मग बाकीचं जुळत गेलं.

निद्रानाशावरच्या वर्तन-उपचारात दोन जुनी, पारखलेली तंत्रं आहेत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेलं पहिलं तंत्र : अंथरूण फक्त झोपेसाठी, आणि साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसरीकडे जाऊन बसायचं. दुसरं आर्थर स्पीलमन यांचं, १९८७चं : जेवढी झोप होते जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात घालवायचा आणि झोप घट्ट झाली की हळूहळू वाढवायचा. ऐकायला विचित्र वाटतं, झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला उशिरा झोपायला सांगायचं. फिट येणाऱ्यांना किंवा उन्मादाचा आजार असणाऱ्यांना हे देत नाहीत, आणि अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत. ताईंसाठी रात्री साडेबारा ते सकाळी सहा असे साडेपाच तास ठरले. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोपेत गेला की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं बक्षीस. पहिले दहा दिवस त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

पहिल्या तंत्रात मात्र अडचण होती. उठून दुसरीकडे जा म्हटलं की त्या कुठे जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणून खिडकीशी एक खुर्ची ठेवली. उठलं की तिथेच. वही तिथेच, पेन तिथेच. काय लिहायचं हे ताईंनीच ठरवलं. त्या आठवड्याच्या पानावर ओळीनं लिहिलंय : "२.०० कुणी नाही." "२.०० कुणी नाही." "२.०५ कुणी नाही, घाम." साधारण महिन्याभरानं : "२.१० जाग आली, पडून राहिले." मग एक रात्र नोंदच नाही. दुसऱ्या दिवशी ती विसरल्याबद्दल त्यांना अपराधी वाटलं. झोपेत नोंद कशी करणार, हे लक्षात आल्यावर हसायला लागल्या.

आठव्या आठवड्यापर्यंत साडेपाचचे पावणेसात तास झाले. पीएचक्यूचे गुण १४ वरून ९ वर आले. नवव्या प्रश्नाला शून्य.

घड्याळाकडे पाहिलं

या सगळ्याच्या मधे, पाचव्या भेटीत, ताईंनी त्या "४.१०"बद्दल सांगितलं.

चारच्या कुशीला त्या दहा मिनिटं उशिरा उठल्या होत्या. वहीत वेळ लिहिली, चादर धरली आणि लक्षात आलं की श्वास नाही. "मॅडम, मी घड्याळाकडे पाहिलं. आणि पहिलं मनात काय आलं सांगू? आता सहापर्यंत झोपता येईल." थोडा वेळ गेला. "आणि झोपले. तिथेच खाली, पलंगाला टेकून. वीस मिनिटं. मग ह्यांना उठवलं."

हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पाठोपाठ आणखी एक निघालं. शेवटच्या वर्षी सासूबाई ओळखायच्या नाहीत, बोचकारायच्या. एका रात्री ताईंनी त्यांचा हात जोरात झटकला, तो पलंगाच्या कठड्यावर आपटला, निळा डाग पडला. वहीत त्या दिवशी "हाताला लागलं" असं लिहिलंय, कुणामुळे, ते लिहिलेलं नाही. आणि यामागे पंचवीस वर्षांचा संसार होता, ज्यात सासूबाई काही प्रेमळ वगैरे नव्हत्या. "त्या गेल्यावर मला त्यांची आठवणही येते, ह्याचाच राग येतो."

अशा वेळी पटकन क्षमा देऊन टाकायचा मोह होतो. "असं कुणालाही झालं असतं" हे वाक्य ओठांवर येतं. ते खरं असतं, पण लगेच म्हटलं की समोरचं माणूस गप्प होतं, कारण त्याचं सांगून झालेलं नसतं. मी वाट पाहिली. त्या भेटीच्या शेवटी फक्त एक गोष्ट सांगितली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची घरी काळजी घेणाऱ्या आणि ज्यांचा रुग्ण गेला अशा २१७ जणांना विचारलं होतं. ७२ टक्के जणांनी कबूल केलं की त्या मृत्यूनं आपल्याला सुटल्यासारखं वाटलं. ताईंनी आकडा वहीत लिहून घेतला. २१७, ७२. पुढच्या वेळी आल्या तेव्हा गुणाकार करून आल्या होत्या : "म्हणजे दीडशेच्या वर माणसं."

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं ताईंनी कुठेतरी वाचलं होतं आणि आपण कितव्या पायरीवर, हे त्या मला विचारत होत्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या टप्प्यांबद्दल लिहिलं ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते जिन्यासारखे चढायचे असा नियम नाही. मला या प्रकरणात मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ची मांडणी जास्त उपयोगी पडली : माणूस काही वेळ गेलेल्यात असतो, काही वेळ पुढच्या कामात, आणि ये-जा करत राहतो. म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास जुन्या वह्या, नंतर वह्या कपाटात. शेवटच्या वहीतली ती अर्धी ओळ पूर्ण करा, एवढंच मी सुचवलं. त्यांना तीन आठवडे लागले. काय लिहिलं ते मी इथे देत नाही.

माझी चूक

चौथ्या महिन्यात मला एक कल्पना सुचली. एवढं कौशल्य असलेली बाई घरात बसलीय आणि बाहेर कितीतरी घरांत लोकांना साधी कूस बदलता येत नाही. माझ्या ओळखीचा एक गट रुग्णांच्या नातेवाइकांना या गोष्टी शिकवतो. ताईंनी तिथे जावं, असं मी सुचवलं. नुसतं सुचवलं नाही, मागे लागले.

दोन शनिवार गेल्या. छान शिकवलं म्हणे. तिसऱ्या शनिवारी त्या खोलीत कुणीतरी अंगाला लावायची तीच पावडर उघडली. ताई बाहेर जाऊन उलटी करून आल्या, घरी गेल्या आणि दोन आठवडे माझ्याकडे फिरकल्या नाहीत. त्याच पंधरवड्यात अकरा महिने न आलेली पाळी आली, म्हणजे बारा महिन्यांचं मीटर पुन्हा शून्यावर. (बारा महिने पूर्ण झाल्यावर थोडासा जरी रक्तस्राव झाला तरी तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा. ताईंचं वर्ष भरलं नव्हतं, तरी आधीचा इतिहास बघून आम्ही तपासणी करून घेतली. ठीक निघाली.) परत आल्या तेव्हा पीएचक्यू १२ होता.

"मॅडम, तुम्ही पण मला परत पलंगापाशीच नेऊन उभं केलंत."

खरं होतं. दुःखाचा काहीतरी उपयोग झालेला पाहायला आम्हा समुपदेशकांना फार आवडतं. सोसलं, शिकली, आता दुसऱ्यांना शिकवते, ही गोष्ट सांगायलाही बरी. आघातानंतर काही माणसांत वाढ दिसते, हे रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स काल्हून यांनी नव्वदच्या दशकात मांडलं आणि ते दिसतंही. पण ती त्या माणसाची वाढ असते, आणि कुठल्या दिशेनं व्हायची हे त्यानं ठरवायचं असतं. मी ताईंच्या कौशल्याकडे पाहत होते, ताईंकडे नाही. माफी मागितली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

ह्यांचं काय

नवऱ्याला एकदाच बोलावलं. सज्जन माणूस, गोंधळलेला. "आई माझी गेली आणि रडते ही," असं म्हणून हसायचा प्रयत्न केला. सहा वर्षांत त्यांनी रात्रीची कूस किती वेळा बदलली, हे मी विचारलं नाही. आईंना रात्रीचं औषध किती वाजता असायचं, असं ताईंनीच विचारलं, अगदी शांतपणे. त्यांना सांगता आलं नाही. ताईंनी पहिल्या तीन वह्या त्यांच्याकडे दिल्या. दोन वाचल्या, तिसरी अर्ध्यात ठेवली आणि एका रात्री बाहेरच्या खोलीत एकटेच रडत बसले. ताई उठून गेल्या नाहीत. "मी ठरवलं, त्यांचं त्यांना रडू द्यावं." नोंद आहे : "१.३०. हे रडले. मी पडून राहिले."

पाणी

सहाव्या महिन्यात मी प्रश्न बदलला. काय करायला आवडेल, या प्रश्नाला ताईंकडे उत्तरच नव्हतं. म्हणून विचारलं, अंगाचा कुणाला काही उपयोग नव्हता, नुसती मजा होती, असं शेवटचं कधी झालं? आठवडाभर विचार करून आल्या. लहानपणी भाऊ नदीवर पोहायचे आणि यांना काठावर कपडे सांभाळायला बसवायचे. म्हणजे मजा झालेलीच नव्हती. तिथूनच पोहायचं ठरलं.

बायकांची सकाळी सातची बॅच, शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीहून लहान. आडवं पडून पाय मारणं आठवड्यात जमलं. पाठीवर तरंगणं काही केल्या जमेना. मान सोडा, मान सोडा, असं ती मुलगी सांगायची आणि ताईंची मान ताठच. मान सोडली की कान पाण्यात जातात आणि ऐकू येत नाही. सहा वर्षं ज्या बाईनं झोपेतही एक कान उघडा ठेवला, तिला ते कसं जमणार? नवव्या दिवशी त्या मुलीनं पाठीखाली तळवा धरला आणि म्हणाली, काकू, मी काढत नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच काढीन. ताईंनी मला ते जवळजवळ जसंच्या तसं सांगितलं. कान बुडाले, आवाज गेला, वर फक्त छत, आणि पाठीखाली एक हात. "सहा वर्षं मी दुसऱ्याचं वजन उचललं. माझं कुणी उचललेलं मला आठवतच नाही हो." हात कधी काढ हे त्यांनी त्या दिवशी सांगितलंच नाही. बॅचची वेळ संपली.

यावर मी काय केलं असेल? हाडांवर व्याख्यान दिलं. पाळी जातानाच्या आणि नंतरच्या काही वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात आणि पाणी वजन तोलून धरतं, त्यामुळे पोहण्यानं हाडांना हवा तो भार मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पहिला भाग पोहण्यातून भागतो, दुसऱ्यासाठी वजनं उचलावी लागतात. ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वजनं पुढच्या महिन्यापासून. हा महिना तरंगू द्या." पुढच्या महिन्यात खरंच सुरू केली.

वर्षभरानं

एकूण चौदा भेटी झाल्या, दहा महिन्यांत. वर्ष झाल्यावर एकदा बोलावलं. पीएचक्यू ५. हिमोग्लोबिन १२.४. गोळी मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं चालू आहे, कमी करायचा विचार पुढे. वाफा आहेत, आधीहून निम्म्या. दोनची जाग गेली, चारची आठवड्यातून एक-दोनदा येते. पाळीचं मीटर पुन्हा आठव्या महिन्यावर आलंय आणि त्या आता त्यावर विनोद करतात. सासूबाईंच्या खोलीत अजून काही ठेवलेलं नाही. ठेवायची घाई नाही, असं म्हणतात, आणि मला ते पटतं. लेक सुट्टीला आली होती. आईचे ओले केस आणि पोहायचा चष्मा बघून तिला कसंसंच झालं, आई आपल्याशिवाय मजेत आहे हे तिला थोडं लागलं. त्यावरून दोघी भांडल्या. ते भांडणही ताईंनी मला जरा खुशीतच सांगितलं.

निघताना दारापाशी थांबल्या. पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दोन-तीन आठवडे रात्री कुणीतरी लागेल. रात्रीसाठी माणूस ठेवायचा, हे त्यांनी ठरवून टाकलंय, दोन ठिकाणी चौकशीही केलीय, कारण सातला त्यांची बॅच असते.

"ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"त्यांना अजून सांगितलेलं नाही," ताई म्हणाल्या. "सांगीन शनिवारी."